प्रतिस्पर्ध्याचे अठरा सेकंद

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या भाऊबंदांत, शत्रूंचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग गॉब्लिन, सांगाडे, महाकाय कोळी वगैरेंचा. ही मंडळी अंधारातून येतात, मार खातात आणि मरतात. त्यांचे शिक्षण कुठे झाले हे कोणी विचारत नाही. दुसरा वर्ग प्रतिस्पर्ध्यांचा. प्रतिस्पर्धी हा खेळाडूंच्या पात्रांसारखाच पोटापाण्यासाठी साहस करणारा इसम असतो. तो त्याच गुहेत एक दिवस आधी पोहोचतो, तोच खजिना उचलतो आणि संध्याकाळी खानावळीत त्यांच्याच नेहमीच्या जागेवर बसून त्यांच्याकडे बघून हसतो. त्याच्या वतीने हसण्याची, बोलण्याची आणि फासे टाकण्याची जबाबदारी डंजन मास्टरवर, म्हणजे डीएमवर असते. डीएम हा खेळातला निवेदक, पंच, हवामान खाते आणि खेळाडू वगळता उरलेली सगळी जनता असतो.

प्रतिस्पर्धी तयार करण्याचे मार्गही दोन. पहिल्या मार्गात पुस्तकातला तयार आकड्यांचा चौकोन उचलायचा, वर नवे नाव लिहायचे आणि जेवायला बसायचे. दुसऱ्या मार्गात खेळाडू ज्या नियमांनी स्वतःचे पात्र घडवतात, त्याच नियमांनी प्रतिस्पर्ध्यालाही पहिल्या लेव्हलपासून पायरी पायरीने वर आणायचे. पुढील विवेचन दुसऱ्या मार्गाविषयी आहे. पहिल्याविषयी सांगण्यासारखे होते ते वरच्या वाक्यात संपले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. त्यातल्या गुहांत राक्षसांच्या जोडीने माणसेही भेटत. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये तर परक्या साहसवीरांची अख्खी टोळी फासे टाकून उभी करण्याची सोय होती, आणि टोळीतल्या माणसांचा स्वभावही फाशांवर ठरवता येई. तरी कष्ट उरलेच. मग १९८० साली ‘द रोग्ज गॅलरी’ नावाचे पुस्तक निघाले आणि त्यात तयार पात्रांचे आकडे ओळीने छापून मिळाले. खेळ जेमतेम सहा वर्षांचा होता, तेवढ्यात त्यातल्या गृहपाठाचे गाइड बाजारात आले होते.

खेळाडू आणि शत्रू यांना एकच नियम, या समतेचा झेंडा इतर खेळांनी आणखी उंच धरला. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये माणूस आणि ट्रोल यांना एकच माप लावलेले होते, आणि शरीराच्या प्रत्येक भागाला वेगवेगळे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे गुण, होते. सहा ट्रोलांची टोळी आणायची, तर त्यांच्या बारा पायांचा हिशेब ठेवणे आले, हात निराळे. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या खेळात पात्राचे पूर्वायुष्य चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर जगून काढावे लागे, आणि दर टप्प्याला जिवंत राहण्यासाठी फासे टाकावे लागत. ते आडवे पडले की पात्र खेळ सुरू होण्याआधीच वारले. या नियमाने घडवायला घेतलेला क्रूर, निष्णात कप्तान रात्री दोन वाजता, सरकारी नोकरीत असतानाच हकनाक जाई. दुसऱ्या दिवशी खेळाडू विचारत, “काय रे, डोळे का सुजलेत?” या प्रश्नाला कोणत्याही नियमपुस्तकात उत्तर नाही.

समतेचा कळस झाला तो २००० साली, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि २००३च्या साडेतीनाव्या आवृत्तीत त्याला मुलामा चढला. राजा, राक्षस, सरदार, सुतार अशा सगळ्यांना एकच कायदा लागू झाला. सामान्य जनतेसाठी ॲडेप्ट, ॲरिस्टोक्रॅट, कॉमनर, एक्स्पर्ट आणि वॉरियर असे पाच खास क्लास, म्हणजे पेशे, निघाले. कॉमनर म्हणजे साधा गावकरी. त्याचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशावर ठरत, म्हणजे फार तर चार. उलट घरगुती मांजराला एका फेरीत दोन पंजे आणि एक चावा मिळे, आणि लागलेला प्रत्येक ओरखडा किमान एक पॉइंट घेऊन जाई. गावकरी आणि मांजर यांच्या लढतीत शहाण्याने पैसे मांजरावर लावावेत, हा विनोद खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे चालला. सर्वांना समान न्याय दिला की तो मांजरालाही द्यावा लागतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आता प्रत्यक्ष कृती. समजा, साडेतीनाव्या आवृत्तीत दहाव्या लेव्हलचा, मनुष्य जातीचा आणि ‘रोग’ म्हणजे चोरट्याच्या क्लासचा एक प्रतिस्पर्धी घडवायचा आहे. त्याचे नाव लॉर्ड कॅसिमिर ठेवू. बुद्धी चौदा धरली, तर नियमानुसार त्याला कौशल्यांचे एकशे त्रेचाळीस गुण मिळतात. ते कुलपे उघडणे, दबकून चालणे, खोटे बोलणे अशा उपयोगी ठिकाणी टाकून टेबल सोडता येते. पण समतेने झपाटलेला डीएम तसे करत नाही. खोटे दस्तऐवज, वस्तूंचे मोल पारखणे, पोहणे, दोरीच्या गाठी अशा सगळ्या रकान्यांत तो थोडे थोडे वाटत बसतो, कारण कॅसिमिरचे बालपण बंदरावर गेलेले आहे. शिवाय चौथ्या लेव्हलला क्षमतेचा एक गुण वाढतो आणि आठव्याला आणखी एक. ते दोन्ही बुद्धीवर टाकून ती चौदावर नेलेली असेल, तर वाढीव कौशल्यगुण मागच्या लेव्हलांना लागू होत नाहीत. म्हणजे एकशे त्रेचाळीस हा आकडाच चुकलेला असतो, आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

या टप्प्यावर घरातली वडीलधारी व्यक्ती दार लोटून आत डोकावते.

“अजून जागाच? परीक्षा आहे का रे?”

“नाही गं आई. शत्रूचं पोहणं राहिलंय.”

“नदी आहे का तिथं?”

नदी नसते. मोहिमेच्या नकाशात नदीच काय, साधा ओढाही नसतो. सगळी कथा वाळवंटात घडत असते. पण पोहता येत नाही असा बंदरावरचा मुलगा डीएमच्या मनाला पटत नाही.

त्यानंतर पाच फीट, म्हणजे खास हातखंडे, निवडायचे आणि मग खरेदीला निघायचे. त्या आवृत्तीत दहाव्या लेव्हलच्या खेळाडूच्या पात्राकडे ४९,००० सोन्याच्या नाण्यांची मालमत्ता असावी असा दंडक होता. त्याच लेव्हलच्या परक्या, म्हणजे डीएमच्या, पात्राला मात्र १६,०००. समतेच्या राज्यात पगारवाढ तेवढी वेगवेगळी होती. तलवारीवर नुसती ‘प्लस टू’ची जादू चढवायची तरी ८,००० जात. उरलेल्या आठ हजारांत चिलखत, अंगठी, विषाच्या कुप्या आणि सरदाराला शोभेल असा झगा बसवताना डीएम जितकी काटकसर करतो, तितकी तो स्वतःच्या महिन्याच्या खर्चात करत नाही.

शेवटी चरित्र. यात बापाचा विश्वासघात, बुडालेले जहाज, एका मठात काढलेली वर्षे आणि नायकांपैकी एकाच्या बहिणीशी मोडलेले लग्न असते. त्या खेळाडूने बहिणीचा उल्लेख पहिल्या दिवशी एकदाच, चहा येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून केलेला असतो. डीएम तो विसरलेला नसतो. खेळाडू विसरलेला असतो.

अशा रीतीने प्रतिस्पर्धी सिद्ध झाला की त्याची आणि नायकांची भेट घडवून आणतात. भेटीचा प्रसंग साधारणपणे असा पार पडतो:

“तुम्ही दालनात शिरता. समोर पायऱ्यांवर, काळी टोपी घातलेला, पाठमोरा…”

“टोपीवाला! फायरबॉल.”

“थांब जरा, तो काहीतरी बोलतोय.”

“बोलू दे की. इनिशिएटिव्ह टाकू ना?”

इनिशिएटिव्ह म्हणजे पाळी ठरवणारे फासे. ते पडले, की पुढे लॉर्ड कॅसिमिरचे नाव कोणी घेत नाही. त्याचे मूळ गाव, घराणे आणि नऊ पानी चरित्र असे सगळे मिळून तो टोपीवाला होतो आणि टोपीवाला म्हणूनच मरतो. किती वेळात मरतो, हे नियमांत मोजूनच ठेवलेले आहे. तिसऱ्या आवृत्तीत आणि पाचव्या आवृत्तीतही लढाईची एक फेरी सहा सेकंदांची धरतात. अशी लढत बहुधा तीन फेऱ्यांत आटोपते. म्हणजे दोन रात्रींच्या बेरजा अठरा सेकंद टिकतात, आणि त्यातलेही पहिले सहा टोपीवाल्याचा नंबर येण्याची वाट बघण्यात जातात.

यात डीएमच्या नशिबाचा दोष नाही. दोष गणिताचा आहे. खेळाडूंचे नियम मारण्यासाठी केलेले आहेत, मार खाण्यासाठी नव्हेत. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतला पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. अंगाने धडधाकट असला, तरी त्याचे हिट पॉइंट ४४ भरतात. त्याच्या हातात ग्रेटसोर्ड द्या, ताकद अठरा धरा: एक घाव सरासरी ११चा. एका वेळी दोन घाव, आणि ‘ॲक्शन सर्ज’ ही जादा चाल वापरली तर चार. चारही लागले, तर अकरा चोक चव्वेचाळीस. तात्पर्य, या नियमांनी घडलेला योद्धा आपल्यासारख्याच दुसऱ्या योद्ध्याला एका दमात संपवू शकतो. विझार्डाची, म्हणजे जादूगाराची, गतही जवळपास तीच. पाचव्या लेव्हलच्या विझार्डाकडे ३२ हिट पॉइंट, आणि त्याच लेव्हलला त्याला मिळणारा फायरबॉल सरासरी २८चा. असे दोन विझार्ड समोरासमोर आले, की विद्वत्तेला फारसा वाव उरत नाही. ज्याचा फासा आधी वर येतो तो विद्वान.

खरे राक्षस वेगळ्या मातीचे असतात. त्याच आवृत्तीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधले कोष्टक पाचव्या दर्जाच्या राक्षसाला १३१ ते १४५ हिट पॉइंट सुचवते. राक्षसाला मार खात उभे राहायचे असते, म्हणून त्याचे अंग मोठे आणि हात बेताचा. शिवाय बड्या राक्षसांना दुसऱ्यांच्या पाळीनंतर मध्येच हालचाल करण्याची मुभा असते आणि चुकलेला बचावाचा फासा बरोबर धरून घेण्याची सवलत असते. खेळाडूंच्या नियमांनी घडवलेल्या प्रतिस्पर्ध्याला यातले काही मिळत नाही. समोर चार जण असतात. ते चौघे चार चाली खेळतात तेव्हा याची एक होते. त्या चौघांपैकी एकाने ‘होल्ड पर्सन’ हा मंत्र टाकला आणि प्रतिस्पर्ध्याचा फासा चुकला, की तो पुतळा होतो, आणि पुतळ्याला जवळून लागलेला प्रत्येक घाव दुप्पट फाशांचा. वाळवंटात पोहता येणारा, दोरीच्या सहा प्रकारच्या गाठी मारणारा तो इसम मग काही न बोलता पायरीवर उभा असतो.

क्वचित प्रतिस्पर्ध्याची चाल आधी येते. तेव्हा टेबलावर न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्याच नियमांनी घडलेला शत्रू आपल्यासारखा वागला, तर तो खेळाडूंना विश्वासघात वाटतो.

“तो काउंटरस्पेल टाकतो. तुझा फायरबॉल फुस्स.”

“त्याला काउंटरस्पेल येतो?”

“तो विझार्ड आहे. तुलाही येतोच की.”

“मला येतो ते ठीक आहे. पण तू असं वागशील असं वाटलं नव्हतं.”

दुसरा वाद मरणाचा. खेळाडूचे पात्र शून्य हिट पॉइंटवर आले तरी लगेच मरत नाही. ते बेशुद्ध पडते, आणि तीन चुकलेल्या फाशांआधी तीन बरोबर पडले तर तगते. राक्षस मात्र शून्यावर सरळ मेले असे बहुतेक डीएम धरून चालतात. महत्त्वाच्या परक्या पात्रांना खेळाडूंचा नियम लावण्याची मोकळीक पुस्तकाने डीएमला दिलेली आहे, आणि समतावादी डीएम ती घेतोच.

“तो कोसळलाय, पण मेलेला नाही. नुसता बेशुद्ध आहे.”

“छान. मी त्याचा गळा चिरते.”

“अगं, तो बेशुद्ध आहे!”

“म्हणूनच तर.”

प्रतिस्पर्धी मेल्यावर त्याच्या आयुष्यातला सर्वांत लोकप्रिय भाग सुरू होतो. संध्याकाळभर ज्यांनी वही उघडली नव्हती ते खेळाडू वही उघडतात, पेन मागून घेतात आणि विचारतात, “त्याच्या अंगावर काय काय आहे?” डीएमने काटकसरीने जमवलेले सोळा हजार आता चार जणांत वाटले जातात. तलवार गेली, अंगठी गेली, झगाही गेला. “बूट आपल्याला होतील का?” असे कोणी विचारतो, जादूचे बूट घालणाऱ्याच्या मापाचे होतात असे कळल्यावर मोजेही घेतो. प्रतिस्पर्ध्याला खेळाडूंच्या नियमांनी नटवणे म्हणजे त्याच्या हातून खेळाडूंना दिवाळी पाठवणे होय. पुढच्या भेटीचा प्रतिस्पर्धी मग या नव्या तलवारीला पुरे पडेल असा घडवावा लागतो, त्याच्याकडे आणखी चांगली तलवार असते, आणि तीही यथाकाल त्याच वहीत जमा होते. काही डीएम यावर उपाय म्हणून मालकाबरोबर राख होणारी शस्त्रे देतात. पण तसे झाले की टोपीवाल्याच्या मरणावर न निघालेला सुस्कारा तलवारीच्या मरणावर निघतो.

डीएमने चरित्र वाया जाऊ नये म्हणून एक तजवीज केलेली असते. प्रेताच्या खिशात त्या नायकाच्या बहिणीला लिहिलेले, पण न पाठवलेले पत्र असते.

“त्याच्या आतल्या खिशात एक पत्र आहे.”

“जादूचं आहे?”

“नाही.”

“मग राहू दे.”

नियम बनवणाऱ्यांच्या ध्यानात हा प्रकार आला नाही असे नव्हे. २००८च्या चौथ्या आवृत्तीने समता मोडीत काढली. शत्रूंना त्यांच्या कामाप्रमाणे वेगळे आकडे दिले आणि ‘मिनियन’ नावाची नवी जमात काढली. मिनियनला हिट पॉइंट असे एक. तो आला, भिववून गेला, मेला. त्याच्या पोहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुष्कळ लोक या आवृत्तीवर रुसले. गावकरी आणि नायक एकाच कायद्याने बांधलेले असले की जग खरे वाटते, अशी त्यांची तक्रार होती. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या परिशिष्टात तयार माणसे छापली: ५८ हिट पॉइंटांचा व्हेटरन, ४० हिट पॉइंटांचा मेज, आणि चारच हिट पॉइंटांचा आपला जुना कॉमनर. शिवाय वाटल्यास खेळाडूंसारखी लेव्हल लावून माणूस घडवा, अशी परवानगीही दिली. डीएम मंडळींनी परिशिष्ट चाळले आणि परवानगी घेतली.

खेळाडूंनीही या सरमिसळीत आपला वाटा उचलला आहे. एखादी गोष्ट ‘फक्त खलनायकांसाठी’ असे छापले, की ती आपल्यालाच हवी असे त्यांना वाटते. १९८० साली ‘ड्रॅगन’ मासिकात पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा उलटा, अँटी-पॅलाडिन हा क्लास फक्त परक्या पात्रांसाठी म्हणून आला, तेव्हाही हेच झाले. २०१४मध्ये ओथब्रेकर पॅलाडिन खलनायकांच्या पानावर छापला, तेव्हाही हेच झाले. “मी ओथब्रेकर होऊ का?” या प्रश्नाचे “नाही” हे उत्तर डीएमला किमान तीनदा द्यावे लागते. चौथ्यांदा तो “बरं” म्हणतो.

एवढे होऊनही दुसरा मार्ग ओस पडत नाही, आणि त्याचे कारण नियमांत शोधण्यात अर्थ नाही. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांत स्वतःचे पात्र नसलेला एकटा डीएम असतो. लेव्हल चढताना होणारा आनंद, नव्या फीटवर केलेला खल, तलवारीसाठी साठवलेली नाणी हे सगळे तो दर आठवड्याला दुसऱ्यांना करताना बघतो. प्रतिस्पर्धी हे त्याचे चोरून खेळलेले पात्र असते, म्हणून ते अठरा सेकंदांत गेले की त्याचा चेहरा पंचाचा राहत नाही. कधीकधी मात्र असे पात्र नशीब काढते. रॉब कुंट्झ या डीएमच्या खेळात बिग्बी नावाचा एक सामान्य दुष्ट जादूगार भेटला होता. गायगॅक्स यांच्या मॉर्डेनकायनेन या पात्राने त्याला न मारता मोहिनी घालून चाकरीला लावले. त्याच बिग्बीच्या नावाचा मंत्र आज नियमपुस्तकात आहे. त्याला त्या दिवशी कोणी जगू दिले, एवढाच फरक.

व्यवहाराचा सल्ला सोपा आहे. टेबलाला प्रतिस्पर्ध्याच्या तीन गोष्टी दिसतात: तो दिसतो कसा, त्याची एक हुकमी चाल कोणती, आणि तो पळतो कसा. तेवढ्या तीन गोष्टी खेळाडूंच्या पुस्तकातून घ्याव्यात. हिट पॉइंट राक्षसांच्या कोष्टकातून घ्यावेत. उरलेले सगळे रुखवत आहे, मांडणाऱ्याने हौसेने मांडावे आणि कोणी खाल्ले नाही म्हणून रुसू नये. पळण्याचा रस्ता मात्र सर्वांत आधी आखावा, कारण दुसऱ्यांदा भेटणाऱ्या शत्रूलाच प्रतिस्पर्धी म्हणतात. पहिल्याच भेटीत मेलेला तो नुसता महागडा गॉब्लिन.

आणि खेळाडूंना एक विनंती. डीएम एखाद्या शत्रूचे आडनाव सांगू लागला, तर त्याला एक वाक्य पुरे करू द्यावे. फायरबॉल पुढच्या फेरीतही टाकता येतो.